डावं चाक धरत नाही

ईश्वर पाटील धुळ्याच्या तंत्रनिकेतनात सव्वीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवत होता आणि त्यातली शेवटची सहा वर्षं, दर शनिवार-रविवारी, दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी विमान बांधत होता. दोन माणसांचं, छोटं. गावाने आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली. आता तर पाहुण्याला पत्ता सांगताना "विमानाच्या गोठ्यापासून डावीकडे वळा" म्हणण्यापर्यंत मजल गेली होती.

विमान खरोखरच गोठ्यात राहायचं. ईश्वरच्या वडिलांनी, झुलाल आबांनी, गुडघे गेल्यावर शेवटची बैलजोडी विकली, तेव्हा गोठा रिकामा झाला होता. उजवं चाक गव्हाणीला टेकलेलं, डावं दाराकडे आणि पंख काढून भिंतीला उभे, असा मुक्काम.

शुक्रवारी विमानखात्याचे साहेब जमिनीवरची चाचणी घ्यायला येणार होते. माळावरच्या पट्टीवर धावायचं आणि चुन्याच्या रेघेआधी सरळ थांबायचं, एवढंच. जमलं तर उडण्याच्या परवानगीचा कागद पुढे सरकणार. नाही तर साहेबांची फेरी पुढच्या वर्षी. ईश्वर त्रेपन्न वर्षांचा होता आणि डॉक्टर दरवर्षी त्याच्या रक्तदाबाच्या आकड्याकडे जरा जास्त वेळ बघत असत. पुढचं वर्ष त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

रविवारी रंगीत तालीम झाली. पावसाळाभर बसून राहिलेलं विमान ट्रॅक्टरने माळावर ओढत आणलं, पंख चढवले. धावलं झकास. ब्रेक दाबला तेव्हा उजव्या चाकाने धरलं, डाव्याने मात्र काही मनावर घेतलं नाही. विमानाने उजवीकडे गिरकी घेतली आणि डाव्या बाजूला कुंदाबाईंनी वाळत घातलेल्या मिरच्यांकडे शेपटी केली. पुढचा पंखा फिरतच होता. नंतरची दहा मिनिटं माळावर सगळे शिंकत होते.

"इमान शे का मिरचीनं कांडप?" पदर नाकाला लावून कुंदाबाईंनी विचारलं.

ईश्वरने पुस्तक उघडलं. विमानाच्या सुट्या भागांबरोबर आलेल्या त्या पुस्तकात 'ब्रेक धरत नसल्यास' हे प्रकरण ब्रेकच्या नळीत शिरलेल्या हवेपासून सुरू होत होतं, म्हणून ईश्वरही हवेपासून सुरू झाला. शिकलेला माणूस चाकाआधी पान बघतो.

ब्रेक बसवले होते नवलने. नवल म्हणजे ईश्वरचा शाळेतला सोबती, दोंडाईच्यात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने बसल्या जागी पॅडल दाबून बघितलं.

"दगडासारखं कडक शे. हवा असती तर भाकरीसारखं दबलं असतं."

"पुस्तकात हवा म्हटलंय."

"पुस्तकाने पॅडल दाबलंय का?"

तरी हवा काढली. नवलने पॅडल दाबायचं, ईश्वरने चाकापाशी स्क्रू सैल करून बाटलीत तेल घ्यायचं. तीनदा काढली. बुडबुडा म्हणून एक निघाला नाही. मग पॅडलखालची रबरी सील बदलली. ब्रेक होता तिथेच. आणि मग, जे तोंडातून निघायला नको होतं ते निघालं.

"नवल, तू ट्रॅक्टरचं ऑइल तर टाकलं नाहीस ना? याला लाल लागतं. दुसऱ्याने सील फुगतात."

नवलने पाना खाली ठेवला. अगदी हळू ठेवला.

"लाल डबा तू दिला. वर चिठ्ठी तू लावली. मी तोच ओतला. आता पुस्तकालाच सांग चाक खोलायला." फटफटीला किक मारून तो गेला.

ईश्वरने रजा टाकली. बुधवारी दुपारी प्रकरण संपलं; डावं चाक धरत नव्हतंच. गुरुवारी सकाळी तो दोंडाईच्याला गेला. नवल एका ट्रॉलीखाली आडवा होता. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. ईश्वर चपलांशी बोलला.

"चुकलं माझं."

"कशात चुकलं? नेमकं सांग."

"ऑइलमध्ये."

"अजून?"

"पॅडलमध्ये."

चपला हलल्या.

गोठ्यात आल्यावर नवलने पुस्तकाकडे पाहिलंही नाही. डाव्या चाकाचं कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारा चिमटा, सोडवला. आतल्या पॅडच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. नवलने डिस्कवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"ईश्वर, हे ऑइल नाही. तूप शे. म्हशीचं."

दाराशी खाटेवर आबा बसले होते. किती वाजले ते सांगावं तसं म्हणाले, "पोयाना आदला दिन मीच लायं ते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं. आबांनी हे साठ वर्षं केलं होतं. बैल गेल्यापासून पाच पोळे कोरडे गेले. यंदा त्यांनी गोठ्यात जे होतं त्याकडे नीट बघितलं. चाक जिथे अंगाला जोडलेलं, तिथेच खांदा असणार, असा हिशोब त्यांनी केला.

"आबा, चार दिवस मी डोकं फोडून घेतोय! सांगायचं ना!"

"तू नवलले इचारं, पुस्तकले इचारं. माले कव्हय इचारं?"

"आणि उजव्याला का नाही लावलं?"

आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तठे गव्हान शे. गुडघा वाकत नही. जोडीमातलं एक राही गयं. वाईट वाटनं माले."

"आबा," नवल म्हणाला, "तुमचे गुडघे बरे असते, तर हा रविवारी मिरच्यांत नाही, सरळ माळापलीकडच्या विहिरीत गेला असता."

तूप प्यायलेले पॅड धुऊन भागत नाही. जपून ठेवलेला नवा संच दोन्ही चाकांना बसवला. कपडा पांढरा निघेपर्यंत डिस्क थिनरने पुसल्या. मग माळावर झपझप चालीने न्यायचं, हलकं दाबायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा न्यायचं. नव्या पॅडला डिस्कशी ओळख होईपर्यंत असं दहा वेळा. आबा बांधावर बसून मोजत होते. नव्या गोऱ्ह्याला औताची सवय लावतात तसंच हे, असं त्यांनी नवलला समजावून सांगितलं.

शुक्रवारी साहेब आले. कुंदाबाईंनी मिरच्यांवर आपणहून ताडपत्री टाकली होती. विमान धावलं. ईश्वरने दोन्ही पाय दाबले. दोन्ही चाकांनी धरलं, आणि रेघ दोन हात पुढे असताना विमान सरळ उभं राहिलं.

साहेबांनी मान हलवली आणि दुरुस्तीची वही मागितली.

"'बाह्य स्निग्ध पदार्थाचा संपर्क'," त्यांनी वाचलं. "कोणता पदार्थ?"

ग्रीस म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ईश्वरच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण बांधावर आबा बसले होते आणि शेजारी नवल हात बांधून उभा होता.

"तूप, सर. हळद घातलेलं."

"कारण?"

"पोळा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा होणार नाही याची व्यवस्था काय?"

"पुन्हा नही कसं?" बांधावरून आबा म्हणाले. "पोया दर साल येस."

साहेबांना यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही. त्यांनी देखभालीचा तक्ता मागवला. पन्नास तासांनी काय, वर्षाने काय, अशा रकान्यांखाली त्यांनी ईश्वरला एक ओळ वाढवायला लावली: 'पोळ्याचा आदला दिवस. हळद-तूप फक्त विमानाच्या नाकाला. नंतर दोन्ही ब्रेक तपासणे.' पुढे जबाबदार व्यक्तीच्या सहीचा रकाना होता.

आबांना वाचून दाखवलं. त्यांनी सावकाश सही केली आणि विमानाकडे बघितलं.

"नाक एकच शे," ते म्हणाले. "मंग कोनी राही जावाव नही."

साहेबांनी परवानगीच्या शिफारशीवर शिक्का मारला.