सातवे नाव

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका नावाची हकीकत निवेदन करावयाची आहे. ते नाव आपल्या जागी होते तोवर जगाने त्याची दखल घेतली नाही, आणि जागा सोडून पुढे आले तेव्हा मात्र अनर्थ ओढवला. कथा दुःखाची आहे, हे आरंभीच सांगणे मी कर्तव्य समजतो. करमणुकीच्या आशेने बसलेल्यांचा विरस होऊ नये.

एका विज्ञान संस्थेच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सचे दुकान आणि चष्म्याचे दुकान यांच्या मधून एक अरुंद जिना वर जात असे. वरच्या खोलीत तीन संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीला टेकून ठेवलेले कागदांचे गठ्ठे. येथे विद्वानांचे शोधनिबंध छापण्याजोगे करून दिले जात. निबंधाच्या शेवटी, आपण ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्या जुन्या निबंधांची यादी जोडावी लागते. तिला संदर्भसूची म्हणतात. परंतु प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा न्यारी. एकाला वर्ष कंसात हवे, दुसऱ्याला अगदी शेवटी. एकाला नियतकालिकाचे नाव पूर्ण आणि तिरप्या अक्षरांत, दुसऱ्याला तोडून आखूड केलेले. खंडाचा आकडा कोणाला ठळकच लागतो, तर कोणाला ठळक दिसला की निबंध परत येतो. घरोघरी मातीच्या चुली असतील. पण येथे चूल तीच, आणि सरपण मात्र ज्याचे त्याला वेगळे.

सूच्यांचे हे काम थोरल्याकडे होते. थोरला म्हणावयाचे ते घरच्या नात्याने. दुकानात त्याला 'स्वल्पविराम' म्हणत. एका स्वल्पविरामासाठी त्याने एकदा मालकाला जेवणावरून उठवले होते. मालक त्या दिवसापासून म्हणत, की ह्याचे लग्न झाले नाही ते बरेच झाले, नाहीतर बायकोच्या बोलण्यातही ह्याने विरामचिन्हे घातली असती.

थोरल्याला एक धाकटा भाऊ होता. आई एक, वडील दोन, म्हणून आडनावे वेगळी. पण जीव एकच. धाकटा त्याच विज्ञान संस्थेत हंगामी नोकरीवर लागला होता. एके सकाळी प्रयोगशाळेतील गॅसच्या नळीची जोडणी निसटली आणि बंद खोलीत तो गुदमरून गेला. संस्थेने कळवले, की त्याची मुदत आधीच संपली होती, सबब तो कामावर धरलेला नव्हता. त्याच्या कपाटावर चिकटवलेली नावाची चिठ्ठी कोणीतरी खरवडून काढली. तो तेथे होता याची एकच खूण मागे राहिली. ती म्हणजे एक छापील निबंध. त्यावर सात नावे होती. त्या प्रयोगशाळेत नावे हुद्द्याप्रमाणे लावीत. म्हणून धाकट्याचे सातवे.

आईने अन्नपाणी सोडले होते. तिची दृष्टी अधू. थोरल्याने तो निबंध तिच्या हातात दिला, तिचे बोट त्या ओळीवर टेकवले आणि म्हणाला,

"आई, हे काम मोठं आहे. लोक किती तरी वर्षं याचा आधार घेतील. जेव्हा जेव्हा घेतील, तेव्हा तेव्हा त्याचं नाव छापलं जाईल. आणि ते माझ्याच हाताखालून जाईल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसे झाले. आईने त्या दिवशी दोन घास खाल्ले. पुढे ज्या सूचीत तो निबंध येई, तिची एक प्रत थोरला घरी नेई. आई भिंतीला टेकून बसे आणि सगळी नोंद वाचून घेई: सातही नावे, मथळा, खंड, पृष्ठे. पृष्ठांचे आकडे तर तिला पाठ झाले होते; थोरला चुकला तर ती दुरुस्त करी.

असे दिवस जात असता त्या शास्त्रशाखेच्या मुख्य नियतकालिकाने आपली पद्धत बदलली. नवा नियम एका ओळीचा होता: लेखक सहांहून अधिक असल्यास पहिली सहा नावे द्यावीत व पुढे 'आणि इतर' असे लिहावे.

थोरल्याने ती ओळ वाचली आणि बोटांवर नावे मोजली. दुपारी पहिला निबंध आला. सूचीत ती नोंद होतीच. त्याने सातव्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी पडद्यावरची खूण नेली आणि एकेक अक्षर मागे खोडत गेला. आडनाव गेले, आद्याक्षर गेले. तेथे 'आणि इतर' आले.

घरी आईने विचारले, नाव आले का. तो म्हणाला, आज त्या विषयाचा निबंधच नव्हता. दुसऱ्या खेपेसही हेच सांगितले, तिसऱ्या खेपेसही. तेव्हा आईने पुढ्यातले ताट हळूच सरकवले आणि म्हणाली,

"विसरले वाटतं लोक."

त्या तीन शब्दांनी थोरल्याच्या काळजाला घरे पडली.

आता या धंद्यातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. दुकानाच्या संगणकात नोंदींचे एक भांडार होते. एखाद्या निबंधाची नोंद त्यात एकदा केली, की पुढील प्रत्येक सूचीत ती आपोआप उतरे. दुसऱ्या दिवशी थोरल्याने ते भांडार उघडले आणि सातवे नाव उचलून सहाव्या जागी ठेवले. सहावे होते ते सातव्या जागी गेले, म्हणजेच नाहीसे झाले. ते कोणा बाईचे नाव होते. थोरल्याने मनाशी म्हटले, ही बाई जिवंत असणार; ती पुढे पुष्कळ निबंध लिहील, हिला काय तोटा.

आईला पुन्हा नाव ऐकू येऊ लागले. एकदा तिने हसून म्हटले, की पोर मेल्यावरही वर चढले, सातव्याचे सहावे झाले. थोरल्याने मान खाली घातली. पण तिला ते दिसले नाही.

परंतु एका नोंदीतील खोट एका सूचीपुरती राहत नाही. मूळ निबंध उघडून पाहण्यापेक्षा दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलणे सर्वांनाच सोपे वाटते. थोरल्याने दुकानात बसून वडाची साल पिंपळाला लावली, आणि ती गावोगावच्या पिंपळांवर दिसू लागली.

पुढे एका सकाळी जिना चढून एक संशोधक बाई आल्या. हातात कागदांची जाड पिशवी. जिन्याने त्यांना धाप लागली होती. मालकांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांनी पाच-सहा छापील सूच्या टेबलावर पसरल्या. प्रत्येकीत एका नोंदीखाली लाल रेघ होती. त्यांनी सांगितले, की कायम पदासाठी त्यांनी अर्ज केला होता. अर्जात हा निबंध आपला म्हणून लिहिला होता. तपासणाऱ्याने अलीकडच्या सूच्या पाहिल्या. कोठेही यांचे नाव नाही. खोटा दावा, असा शेरा मारून त्याने अर्ज बाजूला टाकला. त्या मूळ निबंध घेऊन धावल्या, तोपर्यंत जागा भरली गेली होती. मग त्यांनी चुकीचा माग काढला. चुकलेली पहिली सूची याच दुकानातून गेली होती.

मालकांचे तोंड उतरले. त्यांनी थोरल्याकडे पाहिले. थोरला संगणकाच्या पडद्याकडे पाहत होता. मालक माणूस वाईट नव्हता, पण दुकान वाचवणे त्याला भाग होते.

"बाई, आमच्याकडे नोंद जशी येते तशी आम्ही भरतो. हे सहावं नाव कुणाचं? वारला ना तो मुलगा? मग त्यानंच जाण्याआधी असा क्रम कुठं तरी कळवला असेल. आता त्याला विचारायला कोण जाणार?"

"संस्थेतही सगळे हेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "त्यानंच तुझं नाव मागे टाकलं म्हणून. तो मला ताई म्हणायचा. तरी मी महिनाभर त्याला शिव्या दिल्या मनातल्या मनात. गेलेल्या पोराला."

थोरला उठला. उठताना त्याची खुर्ची कागदांच्या गठ्ठ्यावर आदळली.

"त्यानं काही केलं नाही," तो म्हणाला. "मी केलं. तो माझा भाऊ."

मग त्याने सर्व सांगितले: आईचे, नियमाचे, भांडाराचे. सांगताना रडला नाही. एखादी नोंद वाचावी तसे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले. त्यांचे डोळे भरले, पण आवाज मऊ झाला नाही.

"तुमच्या आईचं मला कळतं. पण तुम्हाला एक नाव खोडायचं होतं आणि तुम्ही माझं निवडलंत, कारण मी तुमच्या ओळखीची नव्हते. त्याचं नाव निदान कुणीतरी घरी वाचत होतं. माझं कोण वाचणार होतं?"

थोरल्याने आदळलेली खुर्ची पुन्हा संगणकापुढे ओढली.

त्याने तेथेच बसून भांडारातील क्रम पूर्ववत केला आणि नियतकालिकाच्या संपादकांना स्वतःच्या सहीने पत्र लिहिले. मालकांनी ते वाचून पाहिले आणि एक अक्षरही न बदलता पाठवले. मग त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, की उद्यापासून येऊ नकोस. सूच्यांच्या धंद्यात विश्वास हेच भांडवल. ते एकदा गेले की दुकानाला टाळे. थोरल्याने चष्मा, डबा आणि खुर्चीवरची आपली उशी उचलली आणि जिना उतरला.

बाईंना ती जागा मिळाली नाही. भरलेली जागा कोणी रिकामी करीत नसते. पुढच्या अंकात, अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत एक शुद्धिपत्र छापून आले. त्यात म्हटले होते, की अमुक निबंधाच्या लेखकांचा क्रम काही सूच्यांमध्ये चुकीचा छापला गेला. सहाव्या स्थानी अमुक बाईंचे नाव असावयास हवे होते. तेथे आलेले नाव, म्हणजे धाकट्याचे नाव, चुकून आलेले आहे.

थोरला तो अंक घेऊन घरी गेला. आईला खोटे सांगणे सोपे होते. तिला दिसत नव्हते. त्याने खोटे सांगितले नाही. तिच्यासमोर बसून त्याने शुद्धिपत्र अथपासून इतिपर्यंत वाचले, आणि नंतर आपण काय केले, ते सांगितले.

आईने पदराने डोळे पुसले, मग नुसतेच पुसत राहिली.

"तो नेहमी मागे उभा राहायचा," ती शेवटी म्हणाली. "शाळेच्या रांगेत, दुकानात, कुठंही. तूच त्याला पुढे ढकलायचास. तो म्हणायचा, दादा, नको रे, लोक बघतात."

आईने चाचपून त्या अंकावर हात ठेवला.

"त्या बाईचं नाव वाच."

त्याने वाचले. आईने ते स्वतःशी एकदा उच्चारून पाहिले, जड अक्षर असल्यासारखे.

"आता मला पुन्हा काही वाचून दाखवू नकोस," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले नाही. त्यानंतरही कधी विचारले नाही. थोरला आता एका गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवतो. त्या निबंधाचा आधार लोक अजून घेतात. सहा नावे छापली जातात, आणि पुढे 'आणि इतर'.

वाचकहो, कथा येथे संपते. माझे शिक्षण अर्ध्यावर सुटले आहे, तेव्हा भाषेत जे उणे-अधिक झाले असेल ते पदरात घ्यावे. आपण शेवटल्या ओळीपर्यंत सोबत राहिलात, याबद्दल मी आपणा सर्वांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
धोंडीराम जुळारी