दुसरा उकार

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. मुलांच्या हातचा खडू मला कधी लागलाच नाही. शहरापासून दूर, टेकडीवर एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे दरवर्षी निरनिराळ्या शाळांचे मुख्याध्यापक तीन दिवस मुक्कामाला येतात आणि एकमेकांकडून शिकतात. त्यांच्यासाठी एका सुताराने मला घडवलं.

सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! "याच्यावर खडू कसा सरसर चालतो," म्हणत सगळे माझ्यापुढे उभे राहायचे. मग पांढरा पडदा आला आणि माझी रवानगी खिडकीजवळच्या कोपऱ्यात झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या पडद्यावर फक्त निकाल, बक्षिसं आणि हसरी मुलं दिसतात. आपली चूक कोणी आणतच नाही, मग दुसऱ्यांना ती टाळता कशी येणार? तेव्हापासून मला या सभागृहाची धास्ती वाटते.

यंदा एक नव्या बाई आल्या. पहिल्या दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्या एकट्याच माझ्यासमोर उभ्या राहून दुसऱ्या दिवशीच्या बोलण्याची तालीम करू लागल्या.

"मुलं तास बुडवून पळतात, म्हणून मागच्या जिन्याला मीच कुलूप लावायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या जिन्याखालच्या अडगळीला आग लागली. किल्ली शिपायाकडे, शिपाई टपाल टाकायला गेलेला. मुलं बंद दाराशी एकमेकांच्या अंगावर पडली. जीव वाचले. पण सातवीतल्या एका मुलीचा हात अजून वर होत नाही."

दुसऱ्या कुठल्या शाळेत असं होऊ नये, एवढ्यासाठीच त्या सगळं कबूल करणार होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली. प्रत्येकाला पाचच मिनिटं होती. बाईंनी खडू उचलला आणि माझ्यावर लिहिलं, 'मागच्या जिन्याला कुलुप'.

"बाई, लू दुसरा!" मागून एक जाडजूड सर ओरडले.

"पण 'कुलपाला' म्हणताना तो उकार जातोच की," एक मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"म्हणून मूळ शब्दात पहिला द्यायचा?"

झालं! तीस-पस्तीस मुख्याध्यापक, आणि चुकलेला उकार पाहून गप्प बसेल असा त्यात एकही नाही. सगळे हिरिरीने भांडू लागले. बाईंनी पहिला उकार पुसून दुसरा दिला. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. "वा, थोडक्यात आणि मुद्देसूद!" असं म्हणून सूत्रसंचालकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे चहाला उठले.

जाडजूड सर मात्र मागे राहिले. "शिस्तीसाठी झकास कल्पना आहे," असं पुटपुटत त्यांनी माझ्यावरची ओळ वहीत उतरवली. मग खिडकीशी येऊन आपल्या शाळेच्या शिपायाला फोन लावला.

"मामा, आपल्या मागच्या जिन्याला आजच कुलूप लावा. हो, पोरं तिथूनच सटकतात. किल्ली तुमच्याकडेच असू द्या."

मला वाचा असती, तर मी किंचाळलो असतो.

शेवटच्या दिवशी बाई एकेकाला गाठू पाहत होत्या, पण प्रत्येकाला घरची घाई. सर दारात सापडले.

"सर, माझं सांगणं अर्धवटच राहिलं हो. जरा ऐकता?"

"अहो, सगळं कळलं!" सर हसत निघाले. "तेवढा उकार सांभाळा म्हणजे झालं."

त्यांची गाडी गेली. बाईंना त्या फोनचं काहीच ठाऊक नव्हतं. मी मात्र शब्द न् शब्द ऐकला होता.

मित्रांनो, सरांची शाळा कोणती ते मला माहीत नाही. कदाचित तुमचीच असेल. म्हणून उद्या शाळेत गेल्या गेल्या मागच्या जिन्याचं दार ढकलून बघा. उघडलं नाही, तर तडक मुख्याध्यापकांकडे जा. चिठ्ठी लिहू नका, ते आधी त्यातल्या चुका काढतील. तोंडाने सांगा, आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.