दुसरी जाळी

शेवटच्या मेंढ्याचं रक्त नव्या फरश्यांवरून वाहत गटाराकडे निघालं आणि मंबेतालीने सुरी पुसत हाक मारली, "चला व्याहीबुवा, हात उघडा! पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडताहेत."

हात उघडायचे म्हणजे दुवा द्यायची. इसिक-कुल सरोवराच्या या काठावर नवं घर असो की गरम पाण्याचा नवा हौद, वडीलधाऱ्याने तळवे पसरून दुवा दिल्याशिवाय कुणी आत पाय टाकत नाही. आजचा मान एसेनामानचा होता. वयाने तो जमलेल्यांत मोठा, पंपांचा उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणून नावाजलेला, आणि मंबेतालीचा सख्खा व्याही. त्याची एकुलती एक मुलगी बेगिमाय दीड वर्षापूर्वी या घरात सून म्हणून आली होती. ती किटली घेऊन पाहुण्यांना चहा ओतत होती.

एसेनामानने हात कोटाच्या खिशात घातले.

"दुसरी जाळी खोटी आहे," तो म्हणाला.

हौदाच्या तळाशी पाणी ओढून घेणारी दोन तोंडं लागतात, एकमेकांपासून लांब. एकावर माणसाचं अंग बसलं तरी पंप दुसरीकडून पाणी ओढतो आणि माणूस सुटतो. तोंड एकच असलं तर पंप माणसाला धरून ठेवतो. एसेनामान हे कुठल्या शाळेत शिकला नव्हता. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एका मालकाला जोरदार बुडबुडे हवे होते, म्हणून यानेच एका तोंडावर दुप्पट ताकदीचा पंप बसवून दिला होता. तिसऱ्या आठवड्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी तळाशी पाठ टेकून गंमत करायला गेली ती चिकटलीच. चौघांनी तिला ओढलं. तिचा खांदा निखळला, पण पाठ सुटली नाही. पंपाच्या खोलीला कुलूप होतं आणि मालक किल्ली घेऊन जेवायला गेला होता. एसेनामानने धावत येऊन दगडाने कुलूप फोडलं तोवर मुलगी गेली होती. पंप बंद झाल्यावर मात्र ती अलगद सुटून वर आली.

त्यानंतर तो झपाटल्यासारखा काठावरच्या सातही हौदवाल्यांची दारं झिजवत राहिला. नियम लिहिले, संघ उभा केला. दोन तोंडं, स्क्रूने घट्ट बसवलेल्या जाळ्या, काठावर पंप बंद करायचं लाल बटण. लोक त्याला 'जाळीवाला मुल्ला' म्हणून चिडवत. नियमांवर पहिली सही मंबेतालीची होती. सहीच्या वेळी त्याने डोळे पुसत भाषणही ठोकलं होतं. संघाची 'उत्तम दर्जा' अशी निळी पाटी आज त्याच्या दारावर चकाकत होती.

सकाळी पाहुणे यायच्या आधी एसेनामानने हौदात लोकरीचे दोन पुंजके भिजवून सोडले होते. एक सरळ तळाच्या पहिल्या जाळीवर जाऊन बसला. दुसरा दुसऱ्या जाळीवर नुसता घुटमळत राहिला.

"खोटी कशी?" मंबेताली हसत हसतच म्हणाला. "जाळी आहे ना? स्क्रू आहेत ना?"

"आहेत. खाली पाइप नाही. काँक्रीटवर झाकण ठोकलंय तुम्ही."

"फरश्या आधीच बसल्या होत्या हो! परदेशी फरश्या, त्या फोडू? मोसम संपला की बघू."

"मग दुवाही मोसम संपल्यावर."

पाहुण्यांत कुजबुज झाली. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा कुरकुरला, "उस्ताके, द्या की उरकून. मांस निवतंय."

मंबेतालीचं हसू मावळलं. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तुमची पोर माझ्या घरात आहे, एवढं तरी ध्यानात ठेवा."

 एसेनामानने बेगिमायकडे पाहिलं. ती किटली धरून जागच्या जागी उभी होती. आत्ता गुमान हात उघडावेत, दोन शब्द पुटपुटावेत आणि जेवायला बसावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण काठावर दोन पोरी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि दुवा कधी संपते याची वाट बघत होत्या.

तो वळला. नुकतंच सोललेलं मेंढ्याचं कातडं कुंपणावर वाळत घातलं होतं, ते त्याने ओढून काढलं, हौदात फेकलं आणि हौद झाडायच्या लांब काठीने खाली खाली ढकललं. निळ्या पाण्यात तांबूस धूर पसरला. बायका किंचाळल्या. तळाशी धप्प आवाज झाला आणि पंप घोगरा ओरडू लागला.

"आता काढा ते," एसेनामान म्हणाला. "तीन पोरगे आहेत ना तुमचे? काढा!"

"म्हातारं पिसाळलंय!" मंबेताली ओरडला. "माझं पाणी बाटवलं! कुबात, काढ रे ती घाण!"

कुबात म्हणजे एसेनामानचा जावई. त्याने आणि पाठोपाठ त्याच्या दोघा भावांनी उड्या मारल्या. तिघं मिळून ओढू लागले. हिसक्यात एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार लागली. कातडं तसूभर हललं नाही. तेव्हा पकड यावी म्हणून कुबातने त्याची कड मनगटाला गुंडाळली आणि बुडी मारली.

कातडं फाटलं. मोकळं झालेलं टोक जाळीत खेचलं गेलं आणि त्याच्याबरोबर कुबातचं मनगट.

भाऊ वर आले, कुबात आला नाही. तळाशी त्याचे पाय भिंतीवर लाथा झाडताना दिसत होते. एसेनामानने धावत जाऊन काठावरचं लाल बटण दाबलं. पंप चालूच. त्याने मुठीने ठोसे मारले, बटण भिंतीतून निखळून तारेविना त्याच्या हातात आलं. मग तो कोटासकट पाण्यात पडला आणि जावयाच्या कंबरेला मिठी मारून ओढू लागला. आपण हे काय करून बसलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

एकदम सगळं शांत झालं. पंप थांबला, स्पीकरवरची गाणी थांबली. बेगिमायने घरात धावत जाऊन सगळ्या घराची वीज तोडली होती.

कुबातला वर काढलं. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. तो पाणी ओकत होता, पण जिवंत होता.

मंबेतालीने भिंतीवरचा घोड्याचा चाबूक काढला. पहिला फटका एसेनामानच्या मानेवर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला. एसेनामानने हात वर केला नाही. आपण फटक्यांच्याच लायकीचे आहोत, असं त्याला वाटत होतं. त्याने फटके मोजलेही नाहीत.

"पोराला मारायला आला होता! माझ्या पोराला!" मंबेताली ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडत होता. तिकडे सासूने बेगिमायच्या फाडकन मुस्कटात मारली. "बापाचं रक्त! सगळ्यांसमोर अंधार केलास घरात!" वीज तोडली नसती तर आपला मुलगा मेला असता, हे त्या बाईला कळलं नव्हतं असं नाही. पण तिला कुणाला तरी मारायचं होतं.

शेवटी बेगिमायनेच बापाच्या दंडाला धरून त्याला फाटकापर्यंत नेलं. तिच्या गालावर पाच बोटं उठली होती.

"चल माझ्याबरोबर," एसेनामान म्हणाला.

"कुबातचा हात मोडलाय. मी कुठं येऊ?" तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्याच्या ओठावरचं रक्त टिपलं. "बाबा, तुमचं खरं होतं. पण आता इथं येऊ नका."

तिने फाटक लावून घेतलं.

उन्हाळा गेला. ऑगस्टमध्ये मंबेतालीने दुसऱ्या कुणाकडून तरी दुवा घेऊन हौद उघडला, एवढं एसेनामानच्या कानावर आलं. आत काय केलं, फरश्या फोडल्या की नाही, ते कुणी सांगेना. संघातून तो बाहेर पडला होता. जावयाचा जीव घ्यायला निघालेल्या माणसाने दर्जाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या?

नोव्हेंबरात एका मंगळवारी तो बसने मंबेतालीच्या हौदावर गेला. बर्फ पडत होतं. खिडकीवरच्या अनोळखी पोऱ्याकडून तिकीट घेऊन तो चार परक्या माणसांबरोबर वाफाळत्या पाण्यात उतरला. थोड्या वेळाने त्याने श्वास भरून बुडी मारली आणि तळाशी चाचपडत आधी एका जाळीवर तळवा ठेवला, मग दुसरीवर. दोन्हीकडे पाणी तळव्याला हलकेच ओढत होतं. जाळ्यांभोवतीच्या फरश्या वेगळ्या, साध्या, इथल्याच होत्या. फोडल्या होत्या तर. त्याने श्वास पुरेल तेवढा वेळ हात तिथेच ठेवला.

वर आला तर काठावर बेगिमाय उभी होती, घड्याळ हातात घेऊन. तिचं पोट दिसण्याइतकं पुढे आलं होतं. माडीच्या खिडकीत सासू बसली होती.

"आजोबा," बेगिमाय म्हणाली, कुठल्याही म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं, "वीस मिनिटं झाली. गरम पाण्यात याहून जास्त बसायचं नाही, नियम आहे. बाहेर या."

नियम त्यानेच लिहिला होता. तरी तो गळ्यापर्यंत पाण्यात तसाच बसून राहिला, तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून.