सुदेशचा पहिला वाढदिवस

माझ्या नवऱ्याचा पहिला वाढदिवस त्याच्या त्रेपन्नाव्या वर्षी आला. दारू सुटून वर्ष झाले की मद्यमुक्तीच्या गटात त्याला वाढदिवस म्हणतात, आणि वर्षाचे पदक कुणाच्या हातून घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. सुदेशने मला काही सांगितले नव्हते. मी गृहीत धरले होते. एकोणीस वर्षे जिने त्याच्या उलट्या पुसल्या आणि त्याच्या कचेरीत काविळीचे खोटे निरोप दिले, तिला सोडून दुसरे कोण असणार?

म्हणून त्या रविवारी सकाळी मी शाल आणि नारळ घेऊन कल्याणला निघाले. आमच्या डोंबिवलीत शाल-श्रीफळाशिवाय कुणाचे काहीच सिद्ध होत नाही.

हा गट मी शोधला होता, हे मुद्दाम नोंदवते. हस्तलिखितांतला खरा पाठ कोणता हे ठरवणे माझा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी मी तीन क्रमांक फिरवले, ठाण्याला टेंभी नाक्यापाशी जाऊन तिथला गट केव्हाच हलल्याचे ऐकून परतले, आणि अखेर कल्याणच्या एका शाळेतला हा तळमजल्यावरचा वर्ग सापडला. सुदेशला दंडाला धरून आणले. दारातला माणूस म्हणाला, "ताई, आज फक्त आमच्यासारख्यांची मीटिंग. घरच्यांना नाही." मी दीड तास उन्हात पायरीवर बसले.

त्या दिवसापासून आमच्या घरात पोपट आला. देहाने नव्हे. कल्याणजवळच्या मोहने गावचा हा वेल्डर तेव्हा दहा वर्षे दारूला शिवलेला नव्हता, आणि तो सुदेशचा स्पॉन्सर होता. म्हणजे तलफ आली की ज्याला फोन करायचा तो. रोज संध्याकाळी सुदेश गॅलरीचे दार लावून घेई, आणि काचेपलीकडे तो हसताना दिसे. माझ्यापुढे तो एकतर रडला होता किंवा खोटे बोलला होता. परस्त्री असती, तर तिचा मत्सर निदान समाजमान्य पद्धतीने करता आला असता.

आजची मीटिंग घरच्यांनाही खुली होती.

"मी सुदेश, मी अल्कोहोलिक आहे."

"हाय सुदेश!" चाळीस प्रौढ शाळकरी सुरात ओरडले.

"मला इथे पोपटने आणलं," सुदेश म्हणाला. "तो नसता तर मी नसतो. पदक त्यानेच द्यावं."

हातांवर भाजल्याचे डाग असलेला एक बुटका माणूस उठला. त्याने पदक दिले आणि माझ्या नवऱ्याला मिठी मारली. माझ्या मांडीवर शाल होती. नारळ घरंगळून बाकाखाली गेला, तो मी उचलला नाही.

मीटिंग चालवणारे रतन म्हणाले, "घरचं कुणी बोलणार?"

मी उभी राहिले. "एक दुरुस्ती आहे. यांना इथे पोपट यांनी आणलेले नाही. मी आणले. यांची मीटिंग संपेपर्यंत मी बाहेर पायरीवर होते. सावरलेल्या माणसाला मिठी मारायला पुष्कळ हात पुढे येतात. पडलेल्याचे बूट काढायला एकच जोडी होती."

मी प्रतिवादाची वाट पाहिली. उत्तरे तयार होती. पण कुणाच्या बोलण्यावर कुणी बोलायचे नाही, असा या लोकांचा नियम आहे.

"थँक यू, ताई," चाळीस जण म्हणाले, आणि केक कापला गेला.

पोपट बशी घेऊन आला. "घ्या वहिनी, बिनअंड्याचा आहे."

"तुम्हाला काहीच म्हणायचे नाही?"

"बोललात ते बरं झालं. माझी बायको मालन तर सात वर्षं बोललीच नव्हती माझ्याशी."

"सुदेशने माझ्याविषयी तुम्हाला काय सांगितले आहे?"

"ते इथलं इथेच राहतं, वहिनी. नायतर मीटिंग कशाला, नाक्यावरच नसतो का उभा राहिलो?"

आम्ही रिक्षाच्या रांगेत उभे राहिलो. सुदेश म्हणाला, "त्या दिवशी मी आत दहाच मिनिटं होतो."

"म्हणजे?"

"वर्गाला मागून दार आहे. तू पुढे बसलीस, मी तिकडून सटकलो. कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलेलो, ग्लास समोर आलेला. पोपट मागोमाग आला आणि समोर बसला. ग्लास बाजूला सारून दोन सोडे मागवले. तासभर आम्ही सोडा पीत बसलो. मग मागच्या दाराने त्याने मला आत आणलं, आणि पुढच्या दाराने तुझ्याकडे पाठवलं."

"आणि हे मला वर्षभर सांगितले नाहीस."

"सांगणार होतो. पोपट म्हणाला, बाईने दीड तास उन्हात काढलाय, तेवढा तिचा राहू दे."

म्हणजे मी चाळीस माणसांसमोर पोपटला खोटा ठरवत असताना तो हात बांधून बसला होता. त्याने उलटून एक वाक्य उच्चारले असते तरी मी त्याला क्षमा केली असती.

"फोन लाव त्याला," मी म्हणाले. "पाठ माझा चुकला आहे, दुरुस्तीही मीच करीन."

सुदेशने फोन लावून दिला आणि कान जवळ आणला.

"वहिनी? रिक्षा नाय मिळाली का?"

"मी मघाशी बोलले ते खरे नव्हते."

"असू दे ओ."

"असू कसे द्यायचे? पुढच्या खुल्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगणार आहे."

"पुढची म्हणजे माझ्या बाराव्या वाढदिवसाची. या की. पदक तुम्हीच द्या मला."

शेजारी सुदेशचा चेहरा पडला. तो चेहरा मी ओळखला. वर्षभर गॅलरीच्या काचेत माझाच पाहत आले होते.

"ते मी देणार होतो," तो पुटपुटला.

"येते," मी फोनमध्ये म्हणाले.