मौखिक अनिवार्य

अभ्यासकेंद्राच्या सूचनेतली शेवटची ओळ होती : 'लघुप्रबंधासोबत मौखिक अनिवार्य. त्याविना पदवी मिळणार नाही.' अश्विनने ती इतक्या वेळा वाचली, की तिच्यातले शब्द एकमेकांना अनोळखी झाले. इतिहासाच्या एम.ए.साठी लागणारे बाकी सारे त्याने पार पाडले होते. रबाळ्याच्या कारखान्यातली पाळी संपवून, घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून त्याने पेपरांचा अभ्यास केला, गृहपाठ लिहिले, खाडीकाठच्या एका बुडालेल्या मिठागरावर लघुप्रबंध रचला. उरले होते ते मौखिक. आणि मौखिक म्हणजे मौखिक इतिहास, माणसांच्या तोंडून ऐकून टिपलेला, असे त्याला पाठ्यपुस्तकाने शिकवले होते.

तरी खात्री करावी म्हणून त्याने संघप्रियाला फोन केला. दोघांची ओळख परीक्षेच्या बाकापुरतीच.

"मौखिक घ्यावंच लागतं का गं?"

"घ्यावं नाही, द्यावं लागतं, येड्या! त्याशिवाय सोडतात होय? टेन्शन नको घेऊ."

द्यावे म्हणजे जमा करावे, असा अर्थ अश्विनने लावला आणि त्याचे टेन्शन तिथूनच सुरू झाले.

कारण मौखिक त्याच्याकडे होते, गरजेपेक्षा जास्तच होते. घरमालकीण बाळाबाई त्या मिठागरात राबलेली. अश्विन तिच्या आठवणी फोनवर टिपायला बसला, त्या पहिल्या संध्याकाळी तिचा मुलगा हिरामण शेजारी बसला होता.

"उधान आला, बांध फुटला, मिठाचा पानी झाला," बाळाबाई म्हणाली.

"मी पालन्यात होतो तवा," हिरामणने पुस्ती जोडली. "बा रातभर बांधावर होता. सगल्या गावाला ठावं हाय. लिव, लिव ते!"

दुसऱ्या संध्याकाळी हिरामण कुणाच्या हळदीला गेला होता. अश्विनचा फोन आवाज टिपून घेत होता. तो चालू आहे हे बाळाबाईला दिसत होते, तरी ती बोलली.

"रातभर होता खरा. कुदल घेऊन होता. त्यानंच फोडला बांध. मिठानं पाय सडलेलं रं त्याचं. म्हनला, माजा पोर यात उतरायचा नाय." तिने आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "हिरामनला नको सांगू. बापाचं लय कवतिक हाय त्याला."

लघुप्रबंधात अश्विनने उधाणच लिहिले. पण इतिहासाच्या साधनाला कात्री लावू नये, असेही पुस्तकात होते. अर्धे मौखिक चालते का, हे कुणाला विचारावे तेही त्याला सुचेना. अखेर पदवी हातची जाईल या भीतीने त्याने दोन्ही संध्याकाळींचे बोलणे पेन ड्राइव्हमध्ये भरले आणि तो सूचनेतल्या दिवशी केंद्रावर घेऊन गेला.

परीक्षक बाईंच्या टेबलावर त्याने तो ठेवला.

"हे काय?"

"मौखिक, मॅडम."

दारातला कारकून फिसकन हसला. "अहो, मौखिक म्हणजे तोंडी परीक्षा! पार्सल कसलं आणलंत?"

तोंडी. शाळेत प्रत्येक वर्षी ज्या शब्दाने त्याची जीभ टाळूला चिकटे, तोच हा शब्द नवे कपडे घालून आला होता आणि त्याने तो ओळखला नव्हता. आयुष्यभर अश्विन ऐकत आला होता. इथे बोलायचे होते.

"राहू द्या, नंतर ऐकेन," बाई म्हणाल्या आणि पेन ड्राइव्ह त्यांनी आपल्या बाजूला सरकवला. "तुम्ही सांगा. बांध कशाने फुटला?"

"उधाणाने."

"पुरावा?"

"बाळाबाई. आणि त्यांचा मुलगा."

"मुलगा पाळण्यात होता, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे साक्षीदार एकच. त्या दुसरं काही बोलल्या?"

 नाही म्हणावे, तर होकार त्या पेन ड्राइव्हमध्ये बाईंच्या कोपराशी पडला होता.

"बोलल्या," तो म्हणाला. "पण ते मौखिकसाठी नव्हतं."

"म्हणजे?"

"मला नीट सांगता येत नाही, मॅडम. चुकून आणलं मी." आणि जन्मात कुणासमोर केले नसते असे त्याने केले. हात लांब करून पेन ड्राइव्ह परत घेतला.

"साधन झाकलंत, तर लघुप्रबंध अर्धाच राहतो. गुण कापावे लागतील."

"कापा, मॅडम."

"बरोबर केलंत असं वाटतं?"

"नाही वाटत. चूक केली असंही वाटत नाही."

बाईंनी गुणांचा तक्ता पुढे ओढला. मग त्यांनी आकडा लिहिला. "उत्तीर्ण. जेमतेम."

संध्याकाळी हिरामण ओट्यावरच भेटला. "काय मास्तर, आईचा आवाज ऐकवला ना साहेबांना?"

"नाही, दादा. त्यांना माझंच ऐकायचं होतं."

लसूण सोलणारी बाळाबाई थांबली. "मंग तू काय बोल्लास?"

पदवीची अखेरची अट आपण पुरी केली की मोडली, हे अश्विनला अजून उमगले नव्हते. "फार काही नाही, मावशी," तो म्हणाला.

"पास हाय ना पन?"

"हाय," तो म्हणाला.

बाळाबाईने सोललेल्या पाकळ्या पदरात गोळा केल्या आणि ती आत गेली.