ओल्या रेषेच्या बाहेर

मित्रांनो, मी एक जुनी चुन्याची गाडी. अंगाने गंजले आहे आणि तोंडाने फटकळ आहे. गोडगोड ऐकायची सवय असेल त्याने आत्ताच पान उलटावं.

तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखी गाडी पाहिलीसुद्धा नसेल. एक पत्र्याचा डबा, त्यात पाण्यात कालवलेला चुना, खाली तीन चाकं आणि मागे ढकलायला दांडा. ढकलत निघालं की पुढचं चाक चुन्यात भिजतं आणि गवतावर पांढरी रेष उमटत जाते. एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी एक अख्खं मैदान सांभाळलं.

मला एका वेल्डरने बनवलं. डबा तेलाचा होता, चाकं कोणाच्या तरी मोडक्या बाबागाडीची आणि दांडा खाटेचा. वेल्डरला घरी जायची घाई होती, त्यामुळे माझं एक चाक जन्मापासून डावीकडे ओढतं. मला ढकलणारा माणूस दर पावलाला कंबर उजवीकडे टाकायचा, तेव्हा कुठे रेष सरळ यायची. पोरं मागून त्याची नक्कल करत चालायची. तो मागे वळून बघायचाही नाही. रेष मारताना मागे वळलं की रेष वाकडी होते, असं तो म्हणायचा.

त्याला सगळे मामा म्हणायचे. खरा मामा तो एकाच पोरीचा होता, पण ती दिवसभर मैदानावरून मामा, मामा अशा हाका मारायची, म्हणून तो सगळ्यांचाच मामा झाला. मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती.

आणि मैदान तरी कसं? त्याला दार नव्हतं, त्यामुळे कुलूपही नव्हतं. एका बाजूला उतार होता, चेंडू सुटला की थेट नळापाशी जाऊन थांबायचा. लांब उडीच्या वाळूत मांजरं आपलं काम उरकून जायची, आणि उडी मारणाऱ्याला ते उडी मारल्यावर कळायचं. बसायला तीन पायऱ्यांचा लाकडी स्टँड होता. त्यातल्या एका फळीचा खिळा वर आलेला होता आणि तो पँटी फाडायचा. समोर शिंप्याचं दुकान होतं. त्या शिंप्याने तो खिळा कधी कोणाला ठोकू दिला नाही. पहाटे म्हातारी माणसं चालायची, दुपारी कामावरून सुटलेले मजूर स्टँडखाली डुलकी काढायचे, संध्याकाळी एकाच वेळी फुटबॉलच्या दोन मॅचेस आडव्यातिडव्या चालायच्या आणि कोणाचा गोल कोणत्या मॅचचा यावरून रोज मारामारी व्हायची. असलं मैदान. पण कोणी कोणाला कधी विचारलं नाही, की तू इथे का आलास.

नियम एकच होता. ओल्या रेषेवर पाय द्यायचा नाही. चुना वाळायला वेळ लागतो, तोवर कोणी पाय दिला तर रेष फिसकटते. ज्याचा पाय पडेल त्याने नळावरून बादल्या आणून मामाचं पिंप भरायचं. मग तो कोणी का असेना. एकदा बँकेचा मॅनेजर चकचकीत बुटांनी रेषेवरून गेला. मामाने बादली पुढे केली. मॅनेजर आधी हसला, मग त्याने आजूबाजूला बघितलं, कोणीच हसत नव्हतं, मग त्याने गुपचूप पँट वर दुमडली. पोस्टमन तर सायकल हातात धरून सगळ्या मैदानाला वळसा घालून जायचा. नवीन कोणी आलं की लहान पोरंसुद्धा ओरडायची, ओली आहे, ओली आहे. मला त्याचा फार माज होता. मी ओढलेली रेष लोक भिंतीसारखी मानतात, असं मला वाटायचं. मूर्ख होते मी.

आता त्या पोरीचं सांगते, कारण खरं सगळं तिचंच आहे. मामाच्या बहिणीचं मैदानामागे इस्त्रीचं दुकान. ही तिची मुलगी. चालायला शिकली तीच पळत, म्हणून नाव पडलं तुरतुरी. गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला पाठवलं की इस्त्री गार व्हायच्या आत परत यायची. मैदानाची एक फेरी म्हणजे चारशे मीटर, आणि त्या एका फेरीत तिला गाठणारं आसपास कोणी नव्हतं. मामा तिच्यासाठी आतली लेन वेगळी आखायचा. बाकीच्या रेषा आठवड्याला, तिची लेन रोज. ती पळायला लागली की मामा दांडा धरून उभा राहायचा आणि वळणावर आपलीच कंबर उजवीकडे टाकायचा. तुरतुरी धापा टाकत यायची आणि म्हणायची, “मामा, तू मला बघत होतास का स्वतः पळत होतास?”

त्या वर्षी मोठी ट्रायल आमच्याच मैदानावर ठरली. पहिल्या तिघींना खेळाडूंच्या हॉस्टेलमध्ये घेणार होते. तिथे शिकवायला कोच, खायला पोटभर, पळायला खरे बूट. बहिणीने देवाला नाही, इस्त्रीलाच सांगितलं असेल, की बाई, माझी पोर तुझ्यापुढे उभी राहायला नको. तिच्या दोन्ही मनगटांवर चटक्यांचे डाग होते. पोरीने ते रोज बघितलेले होते.

आणि नेमकं तेव्हाच, मैदान ज्याच्या नावावर होतं त्या क्लबच्या सेक्रेटरीने सगळ्यांना स्टँडवर बसवून सांगितलं, की इथे स्टेडियम होणार. मोठे दिवे, रबराचा लाल ट्रॅक, वर छत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हो, वाजवल्या, मी बघितलं. फक्त शिंप्याने विचारलं की आमच्या पोरांना आत घेणार ना. सेक्रेटरी म्हणाला, अहो, तुमच्यासाठीच तर बांधतोय. मग मामाने ट्रायलचं विचारलं. सेक्रेटरीने मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि शब्द दिला, की ट्रायल होईपर्यंत इथल्या गवताच्या काडीला हात लागणार नाही.

शिंप्याला तो खांद्यावरचा हात आवडला नाही. त्याने घरोघरी जाऊन ठरवून घेतलं, की ट्रायलच्या आधी खोदायचं मशीन आलं तर त्याने शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी मैदानाच्या मधोमध जाऊन बसायचं. माणसं बसलेली असतील तर मशीन काय करणार? सगळे हो म्हणाले. बहीण म्हणाली, मी पेटती इस्त्री घेऊन बसते.

ट्रायल जवळ आली आणि एका सकाळी ठेकेदाराचा मुकादम आला. बरोबर दोन पोरं आणि चुन्याचं पोतं. मामाला म्हणाला, आज नुसती मोजणी आहे, मैदानाच्या कडेने खूण करून घेतो. पोरं मुठीमुठीने कोरडा चुना फेकत चालली. मामा नळापाशी माझा डबा धूत होता. त्याने थोडा वेळ दम काढला. मग त्याला राहवेना.

“ही काय रेष आहे? बैल मुतला तरी याहून सरळ जातं.”

मुकादम पक्का होता. तो म्हणाला, “मग तुम्हीच मारा ना मामा. आमच्या पोरांना कुठे तुमचा हात आहे?”

झालं. तेवढ्यावर गडी खूश. मामाने चुना नव्याने कालवला, जुन्या ओढणीतून गाळला, आणि मला घेऊन निघाला. सगळ्या मैदानाभोवती, तुरतुरीच्या लेनच्या बाहेरून, एकच अखंड रेष. चारही कोपरे काटकोनात. आयुष्यात आम्ही दोघांनी इतकी सुंदर रेष मारली नव्हती. मुकादमाने फोटोसुद्धा काढला. मामा लाजला, म्हणजे इतका लाजला की मलाच कसंतरी झालं. मोजणी कशाची, कशासाठी, हे त्याने विचारलंच नाही. वाकडी रेष सरळ झाली, त्याचा विषय संपला.

रेष ओली होती तोवरच मशीन आलं.

शिंप्याने शिट्टी वाजवली. लोक धावत आले, खोटं नाही सांगत, सगळे आले. पोस्टमन आला, मजूर आले, बहीण खरंच इस्त्री घेऊन आली. तुरतुरी सगळ्यांच्या पुढे होती. आणि रेषेपाशी येऊन सगळे थांबले.

मित्रांनो, कोणी अडवलं नव्हतं. पोलीस नव्हता, दोरी नव्हती. नुसती रेष ओली होती. इतक्या वर्षांची सवय पायात बसलेली. एकाने वाकून बोट लावून बघितलं आणि बोट पँटला पुसलं. मग सगळ्यांनी मामाकडे बघितलं. तो नुसता ‘या’ म्हणाला असता तरी अख्खी गर्दी आत शिरली असती. मामा रेषेकडे बघत होता.

तुरतुरीने पाय उचलला.

“अगं, ओली आहे,” मामा म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. रोज म्हणायचा तसंच म्हणाला.

तिने पाय मागे घेतला.

मशीन चालवणाऱ्याला आमचा नियम माहीत नव्हता. तो रेषेवरून सरळ आत गेला, आणि मशीनचा पहिला घास तुरतुरीच्या लेनच्या वळणावर पडला. तेव्हा कुठे शिंपी भानावर आला आणि लोक रेष तुडवत आत धावले. मुकादम शांतपणे म्हणाला, “आता कशाला बसताय? ट्रॅक तर गेला. कपडे खराब होतील.” लोक थोडा वेळ उभे राहिले. मग कोणाला कामावर उशीर होत होता, कोणाचं दूध गॅसवर होतं. मुकादमाला तुम्ही शिव्या द्या, सेक्रेटरीला द्या, मी पण देते. पण मला त्या रेषेपाशी थांबलेल्या पायांचा जास्त राग येतो. त्यांना इतकं शहाणं आम्हीच केलं होतं.

ट्रायल लांबच्या गावी हलवली. तोवर तुरतुरीने डांबरी रस्त्यावर सराव केला. गवतावर वाढलेले पाय ते, नडगीची हाडं ठणकायला लागली. रात्री आई गरम कापडाने शेकायची. ट्रायलला ती चौथी आली. रडली नाही. उसने घेतलेले बूट धुऊन, वाळवून परत केले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आईशेजारी उभी राहिली.

स्टेडियम झालं. छान झालं, उगाच नावं ठेवत नाही. भोवती उंच भिंत आहे. आत जायला सभासद असावं लागतं. ट्रॅकवरच्या रेषा कारखान्याच्या रंगाच्या आहेत, त्या कधी ओल्या नसतात. मामाला त्यांनी टोपी दिली, शिट्टी दिली आणि गेटवर खुर्ची दिली. पोरं आली की त्यांना हाकलायचं, हे त्याचं काम. पहिल्या दिवशी त्याला ते जमत नव्हतं. आता जमतं.

आणि मला त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं आहे. सोनेरी रंग दिलाय, चाकं सिमेंटमध्ये गाडलीत, डब्यात माती भरून फुलं लावलीत. वर पाटी आहे, ‘जुन्या मैदानाची आठवण’. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. मैदान होतं तेव्हा यातला एकही तिकडे फिरकला नव्हता.

परवा दुपारी तुरतुरी आली. स्टेडियमच्या नोकरांचे गणवेश तिच्या आईकडेच इस्त्रीला असतात. तिने गठ्ठा मामाच्या टेबलावर ठेवला. मामाने इकडेतिकडे बघितलं. मग उठून त्याने गेटचं कुलूप काढलं आणि एक दार जरासं उघडलं. आत लाल ट्रॅक रिकामा पडलेला होता.

“साहेब जेवायला गेलेत,” तो म्हणाला. “एक फेरी मारून ये. मी आहे इथे.”

तिने आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, जाते. तिच्या उजव्या मनगटावर ताजा चटका होता, तो ती दुसऱ्या हाताने चोळत होती.

“शर्ट मोजून घ्या,” ती म्हणाली.

मामाने मोजले. चुकला, पुन्हा मोजले. मग ती भिंतीच्या कडेकडेने दुकानाकडे गेली. चालत गेली. मामाने दार लावलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही म्हणायचं असतं की जुन्या वस्तू जपा, आमची आठवण ठेवा. मला आठवण नको. आठवण म्हणजे काय ते माझ्या डब्यात बघा, त्याला रोज पाणी घालतात. तुमच्या घराजवळ एखादं उघडं मैदान अजून असेल, खड्ड्यांचं, मांजरांनी घाण केलेलं, तर आज संध्याकाळी तिथे जाऊन खेळा. उद्याही जा. कोणी गोड बोलून कडेकडेने काही आखायला लागलं, तर त्याला मदत करायच्या आधी विचारा, की हे कशासाठी. आणि मधोमध बसायचं ठरवलं असेल तर मधोमध जाऊन बसा, काठावर उभे राहून कोणाच्या तोंडाकडे बघू नका.

मोठी माणसं रागावली, असलं कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर सांगा, स्टेडियमच्या गेटवरच्या कुंडीने.