कुंकू लावलेलं फुलपाखरू

मी एक जुना पितळी करंडा आहे. जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्या पोटात दोन कप्पे आहेत, एक मेणाचा, एक कुंकवाचा, आणि झाकणाला आतून आरसा. आधी कपाळाला मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू. दिवसभर उन्हात राबलं तरी हलत नसे. तुमच्या चिकटवायच्या टिकल्या तर कपाळापेक्षा न्हाणीच्या भिंतीवरच जास्त दिसतात!

सोलापूरच्या कासाराकडून मी चंद्रव्वाच्या लग्नात आलो. तिच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. शेत राखावं तिनं, आणि एका शब्दात समोरच्याला गार करावं तेही तिनंच. रोज पहाटे ती माझ्या आरशात बघायची. मग तिचे मालक गेले. तिनं माझं झाकण लावलं आणि मला फळीवर ठेवलं. माझ्यावर हिरवा कळंक चढला. सून नागम्मा म्हणायची, "अत्ती, हा मोडीत घालून स्टीलचा डबा आणू की." चंद्रव्वा गप्प राहायची. तिला असं गप्प बसलेलं मला बघवत नसे.

चौऱ्याहत्तर साली, पाऊस सरता सरता, शाळेच्या दाक्षायणीबाईंनी गावोगावच्या लोकांना एक काम लावलं. दर रविवारी आपापल्या परसातली, बांधावरची फुलपाखरं मोजायची आणि बाईंना कळवायची. चंद्रव्वाच्या बांधावर रुई माजलेली, तिच्यावर तांबूस फुलपाखरं लई. दुसऱ्याच रविवारी तिनं बाईंना गाठलं.

"बाई, गेल्या रविवारचीच मोजतोय का नवी, कसं कळायचं? ह्यांच्या कपाळावर काय नाव लिवलंय?"

"शाई लावून बघितली, चंद्रव्वा. टिकत नाही."

चंद्रव्वा घरी आली, फळीवर हात घातला आणि माझं झाकण उघडलं. नागम्माच्या हातातली परात खाली पडली.

"अत्ती! कुंकवाला हात? लोक काय म्हणतील?"

"पाखराला लावतीया, मला न्हाई. आन् ऐक. ह्यातलं एक जरी परगावात दिसलं, तर करंडा घरात राहील. न्हाई दिसलं, तर दिवाळीला खुशाल मोडीत घाल."

मला धडकी भरली!

सकाळच्या गारव्यात पंख मिटून बसलेलं पाखरू ती दोन बोटांत अलगद धरायची. उजव्या पंखाच्या टोकाला मेणाचा कण, त्यावर कुंकू, आणि जा बाई आता. खुरप्यानं राठ झालेल्या त्या हातांनी एक पंख फाटू दिला नाही.

दसरा गेला. कुठूनच निरोप नाही. दिवाळीची साफसफाई निघाली आणि नागम्मानं मला चेपक्या तांब्याबरोबर पिशवीत घातलं. ती उंबऱ्यात पोचते तोच दाक्षायणीबाई आल्या. सोबत होटगीचा रेवणप्पा, रेल्वेतला माणूस. तिकडची फुलपाखरं तोच मोजायचा.

"मावशी, आमच्या स्टेशनाम्होरं कुंकू लावलेलं पाखरू आलंय! बायका म्हणत्यात देवीनं धाडलं. ओटी भरायला नारळ घेऊन आल्या की. पाखरू कुटं थांबतंय!"

"कंच्या पंखाला कुंकू?"

"उजव्या. टोकाला."

चंद्रव्वानं पदर खोचला. "त्यांस्नी सांग, देवी हितं चूल फुकतीया म्हणावं."

बाईंनी नकाशा पसरून चंद्रव्वाच्या बांधापासून होटगीपर्यंत रेघ ओढली. इवल्याशा जिवाची वाट त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आली.

नागम्मानं मला पिशवीतून काढलं, पदरानं पुसलं आणि ती सासूपुढं येऊन बसली.

"अत्ती, आज माझ्या कपाळाला तुमच्या हातानं."

चंद्रव्वाचं बोट थांबलं. मग आधी मेण, मग कुंकू. पाखराला लावायची तसंच, अलगद.

मित्रांनो, आता माझा आरसा तडकलाय, मेण वाळलंय. मला चिंचेनं घासा न घासा. बांधावरची रुई मात्र उपटू नका, तिच्यावर कुणाचं तरी घर आहे. आणि फळीवर ठेवायचंच असेल तर मला ठेवा, घरातल्या बाईला नको.